एकच फेरी राहिली, मालक

बर्चटाउन, नोव्हा स्कोशिया
१२ मे १७८४

प्रिय जेथ्रो,

तू जिवंत आहेस! हे वाक्य सगळ्यात आधी लिहा, असं मी बार्नबी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, पत्र असं सुरू करत नाहीत, आधी खुशाली विचारतात. मी म्हटलं, मास्तर, ज्याच्या नावानं इतकी वर्षं रडले त्याची खुशाली मागाहून विचारेन. तेव्हा हे असंच लिहिलं गेलंय. मला लिहिता येत नाही. मी बोलते आणि मास्तर लिहितात. ते इथल्या पोरांना अक्षरं शिकवतात.

न्यूपोर्टहून मीठ घेऊन आलेल्या जहाजावरचा एक खलाशी धक्क्यावर गप्पा मारत होता. म्हणाला, आमच्याकडे पिंपवाल्याच्या कारखान्यात एक काळा शिपाईगडी आहे, नाव जेथ्रो, काम करताना सारखा शिट्टी वाजवतो, आणि तीही बेसूर. मी त्याची बाही धरून पत्ता घेतला. बेसूर म्हटल्यावर शंकाच राहिली नाही.

मी तुला न सांगता गेले, ते मनात धरू नकोस. त्या वर्षी इंग्लंडच्या राजाचं सैन्य न्यूपोर्टात येऊन बसलं होतं. जो गुलाम खाडी ओलांडून त्यांच्या छावणीत पोचतो त्याला ते मालकाच्या हवाली करत नाहीत, असं आपल्या चीजघरात सगळ्या बायका कुजबुजत होत्या. आईनं ऐकलं आणि मला म्हणाली, "टॅमर, ऐकत काय बसलीस? वल्हं मारता येतं ना तुला?" धुकं होतं. थर्लो मालकांची लहान होडी तिनंच सोडली. तू तेव्हा गुरांकडे होतास. तुला सांगितलं असतं तर तू ओरडत किनाऱ्यावर आला असतास, हे तिला पक्कं माहीत होतं.

छावणीत मी कपडे धुतले, सदरे शिवले. राजाचं सैन्य न्यूयॉर्कला गेलं, मीही गेले. युद्ध हरल्यावर त्यांनी आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही. ही बाई मोकळी आहे, तिला हवं तिथं जावं, असा सहीचा कागद दिला आणि जहाजात बसवून इथं आणलं. माझं घर आहे. जमीनही मिळणार आहे. खायला भरपूर आहे.

आणि तू! राजाविरुद्ध उठलेल्या बंडवाल्यांच्या पलटणीत गेलास म्हणे. ज्यांच्या गोठ्यात आपण गुलाम म्हणून जन्मलो त्यांच्यासाठी बंदूक उचललीस? भेटलास की कान पिळते.

आई कुठं आहे? कशी आहे? लगेच लिही.

तुझी ताई,
टॅमर

---

न्यूपोर्ट
३ जुलै १७८४

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पिंपाला कडं ठोकत होतो. हातोडी सुटून पायावर पडली. नशीब, लागलं नाही.

हे मी स्वतः लिहितोय. पलटणीत शिकलो. अक्षर वेडंवाकडं आहे ते चालवून घे. तुझे मास्तर फार सुरेख लिहितात. कोण हे बार्नबी मास्तर? वय काय? बायको आहे का? सहज विचारतो.

आता कानाचं ऐक. तू गेल्यावरच्या वसंतात इथल्या विधानसभेनं जाहीर केलं की जो गुलाम पलटणीत नाव घालेल तो त्याच दिवसापासून मोकळा. मालकांनी बोंब मारली. त्यांची भरपाई झाली. थर्लोबाई रडल्या, मालक म्हणाले, जेथ्रो, तुला इथं काय कमी आहे रे? मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मालक, त्याला काही कमी नाही, म्हणून तर धडधाकट आहे. जाऊ दे." तसा मी गेलो. मी मालकांसाठी लढलो नाही ताई, त्यांच्या नाकावर टिच्चून निघालो.

त्याच उन्हाळ्यात आम्ही तुमच्याच न्यूपोर्टच्या बेटावर लढलो. राजाचे भाडोत्री जर्मन टेकडीवर तीनदा चढून आले आणि तीनदा आम्ही त्यांना खाली लोटलं. मला सारखं वाटत होतं, दूर गावात दिसणाऱ्या छपरांपैकी एखाद्याखाली माझी बहीण आहे. तू तेव्हा न्यूपोर्टात आहेस हे आईनं सांगितलं होतं. मेलीस असं कुणीतरी नंतर सांगितलं.

आई अजून थर्लोंकडेच आहे. नवा कायदा झालाय, पण तो पुढं जन्मणाऱ्या पोरांना मोकळं करतो, त्यांच्या आज्यांना नाही. मी रविवारी खाडी ओलांडून तिला भेटून येतो. तिच्या हाताच्या चीजला अजून तोड नाही. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तर तिनं एक भाकरी जास्त थापली आणि माझ्यापुढं ठेवली.

आणि एक. मालकांना तुझा पत्ता लागलाय. मला बोलावून म्हणाले, "टॅमरला लिही. झालं गेलं मी विसरलो. ती चीजघर सांभाळायला परत आली की त्याच दिवशी तुमच्या आईला, फिबाला, मोकळं करतो. टॅमरलाही गुलाम म्हणून नाही, पगारी ठेवीन." बायबलवर हात ठेवून बोलले. मला वाटतं, म्हातारपणी माणूस मऊ होतो. आई मोकळी होईल आणि तू घरी येशील. विचार कर.

मी मजेत आहे. पाय रोवून उभा आहे.

तुझा
जेथ्रो

---

बर्चटाउन
९ सप्टेंबर १७८४

प्रिय जेथ्रो,

टेकडीवरून तुम्ही जे जर्मन खाली लोटलेत त्यांचे सदरे कुणी धुतले, सांग बरं? मीच. भोकं पडलेली, रक्तानं कडक झालेली. मी शिवत होते आणि मनात म्हणत होते, कोण मेला इतका नेम धरून मारतोय, माझं काम वाढवतोय! तर तो तू.

माझं सगळं छान आहे. उन्हाळा चांगला गेला. घराला नवं छप्पर घातलं. इथली हवा निरोगी आहे. मासा इतका मिळतो की कंटाळा येतो.

मालकांच्या बोलण्यावर मी बरेच दिवस विचार केला. मला ते माणूस म्हणून ठाऊक आहेत. शब्द देताना त्यांची मान जरा डावीकडे जाते. पण आई म्हातारी झाली रे. तिनं माझ्यासाठी होडी सोडली आणि आपण मागं राहिली. माझ्या एका पगारी नोकरीनं ती मोकळी होत असेल तर मी काय म्हणून इथं बसू? वसंतात बर्फ वितळलं की निघावं म्हणते. आईला सांगू नकोस. अचानक दारात उभी राहीन.

मास्तरांचं वय चाळीस. बायको न्यूयॉर्कात तापानं गेली. तुला कशाला पंचायती?

तुझी ताई,
टॅमर

ता. क. — जेथ्रोभाऊ, या पुढचं टॅमरबाईंना वाचून दाखवलेलं नाही. त्यांनी सांगितलेलं मी इमानानं लिहिलं, पण माझंही काही म्हणणं आहे. घराला नवं छप्पर घातलं, कारण जुनं पाडलं गेलं. जुलैत शेजारच्या शेलबर्न गावातल्या सैन्यातून सुटलेल्या गोऱ्या शिपायांनी आमची घरं दोर लावून ओढली. आम्ही कमी मजुरीत काम करतो आणि त्यांच्या पोटावर पाय आणतो, असं त्यांचं म्हणणं. टॅमरबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांना बाजूला ढकलून घर पाडलं. टॅमरबाईंनी दुसऱ्या दिवशी तेच वासे गोळा करून पुन्हा उभे केले. जमीन अजून मिळालेली नाही. मासा मिळतो, बाकी फारसं काही नाही. तरी इथं त्यांना कुणी विकू शकत नाही.

तह झाल्यावर न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मालकलोक आले होते. सगळे मऊ बोलत होते. आमच्या शेजारच्या सुताराला त्याच्या मालकानं सांगितलं, तुझी बायको वाट बघतेय, पगारी ठेवीन. रस्त्याच्या वळणापर्यंत दोघं खांद्याला खांदा लावून गेले. वळणापलीकडे मालकाची दोन माणसं दोरी घेऊन उभी होती. टॅमरबाईंनी गाठोडं बांधायला घेतलंय. त्या तुमचं ऐकतील, माझं ऐकत नाहीत. आगाऊपणाबद्दल माफी. — बार्नबी

---

न्यूपोर्ट
१४ नोव्हेंबर १७८४

प्रिय ताई,

वसंतात निघू नकोस. मी चूक केली. मला कुणी काही कळवलेलं नाही, मी आपणच नीट विचार केला.

तू सांगू नकोस म्हणालीस, पण मी आईला सांगितलं. ती चीजघरात होती, फळीवरच्या चीजच्या गोल चाकांना लोणी चोळत एकेक उलटत होती. माझं बोलणं संपेपर्यंत हात थांबला नाही. मग म्हणाली, "म्हणजे मालकांनी मला गळाला लावलंय. मी काय गांडूळ आहे? आणि माझी पोरगी मासा?" मी म्हटलं, बायबलवर हात ठेवला होता त्यांनी. आई म्हणाली, "ते बायबल मी रोज पुसते. त्यावर ते चहाचा कपही ठेवतात." आणि मग तुझ्यासाठी निरोप दिला, शब्द तिचेच: "टॅमरला सांग, या किनाऱ्यावर पाऊल टाकलंस तर लाकडी डाव घेऊन तुला परत पाण्यात हाकलीन. मी होडी एकदाच सोडते."

तिनं दुसराही हुकूम केला, की ताईला खरं सांग. तर सांगतो. मी पाय रोवून उभा आहे, पण एकच. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात आम्हाला राजाचा ओस्वेगोचा किल्ला घ्यायला बर्फातून नेलं. वाटाड्या वाट चुकला, किल्ला दिसला तोवर शिड्या मागं राहिल्या होत्या. आलो तसे परत. उजव्या पायाची बोटं गारठून तिथंच राहिली. म्हणून हातोडी पडली तेव्हा लागलं नाही. लंगडतो, पण पिंपं करायला बोटं हाताची लागतात.

तूही मला खरं सांगत जा.

तुझा
जेथ्रो

(आतली वेगळी चिठ्ठी)

बार्नबी मास्तर, ही तुमच्यापुरती. उपकार झाले. माझ्या बहिणीचं घर पाडलं आणि ती मला माशांचं कौतुक ऐकवते! लहानपणी पडली की आधी "लागलं नाही" म्हणायची आणि मग रडायची. तिच्यावर लक्ष ठेवा. पण एक विचारतो, रागावू नका. शेजारणीचं पत्र लिहिणारा माणूस इतकी काळजी करत नाही. तुमच्या मनात काय आहे ते मला सरळ कळवा. — जेथ्रो

---

बर्चटाउन
एप्रिल १७८५

जेथ्रो,

हे मी लिहिते. मी. माझ्या हातानं.

हिवाळा लांब होता. बाहेर पडता येत नव्हतं. मी मास्तरांना म्हटलं मला शिकवा. आधी वाचायला शिकले. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. स्वतः वाचलं. त्यातून चिठ्ठी पडली. तीही वाचली.

तुम्ही दोघे लबाड आहात.

मी मास्तरांकडे गेले. चिठ्ठी पुढं धरली. म्हटलं, हे काय? मास्तर लाल झाले असते, पण आपल्या रंगात दिसत नाही. कान मात्र हलले. म्हणाले, "तुम्हाला वाचायला शिकवून मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला." मी म्हटलं, तुमच्या मनात काय आहे ते माझ्या भावानं सरळ विचारलंय. उत्तर लिहा. मीच पाठवते. तर म्हणाले, "त्यांनी विचारलंय, पण उत्तर तुम्हाला देतो." आणि दिलं.

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. म्हटलं, माझी आई तिकडं गुलाम असताना मी लग्नाचा केक खाणार नाही. मास्तर म्हणाले, ठीक, मग वाट बघू. केकसाठी पीठही नाहीच.

घराचं खरं आहे. पाडलं. मी लपवलं कारण तू म्हणाला असतास, बघ, राजाच्या बाजूनं गेलीस आणि हे झालं. तुझ्या बोटांचं वाचून खूप रडले. तुलाही तेच म्हणणार होते, बघ, बंडवाल्यांच्या बाजूनं गेलास आणि हे झालं. आता दोघेही गप्प बसू.

मी येत नाही. आईला सांग, डाव ठेवून दे. पण तिच्याशिवाय मला इथं पूर्ण वाटत नाही. काही होईल का रे?

हात दुखला. एवढं लिहायला दोन दिवस गेले.

टॅमर

---

न्यूपोर्ट
२० सप्टेंबर १७८५

प्रिय ताई,

घाईत लिहितोय, आधी निघणाऱ्या जहाजानं पाठवतो. कॅप्टन लोरिंगच्या जहाजातून तुला थर्लोंच्या चीजघरातलं एक मोठं चीज येत आहे. जुनं, चांगलं मुरलेलं. वजनदार आहे, हातगाडी घेऊन ये. स्वतः धक्क्यावर थांब, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. थंडी लागू देऊ नकोस, जाड घोंगडी आण. कापायचं नाही. आलं की कुणाला काही बोलू नकोस, सरळ घरी ने.

जास्त लिहीत नाही.

जेथ्रो

---

बर्चटाउन
११ ऑक्टोबर १७८५

माझ्या मूर्ख भावा,

चीज! मला खरंच वाटलं चीज आहे. मी म्हटलं, बिचाऱ्यानं आईच्या हातचं मिळवलंय, किती जपून पाठवतोय. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवलं, एकेक फोड देईन. "कुणाला बोलू नकोस" हे मला चोरांच्या भीतीनं लिहिलंयस असं वाटलं. आणि घोंगडी वाचून मी बार्नबीला म्हटलं, माझा भाऊ पलटणीत जाऊन वेडा झालाय, चीजला घोंगडी सांगतोय.

आम्ही दोघं गाडी घेऊन धक्क्यावर गेलो. पिंपं उतरली, मक्याची पोती उतरली. मी वर ओरडून विचारलं, माझं चीज कुठाय? कॅप्टननं माझ्याकडे पाहिलं, तोंड दाबून हसला आणि म्हणाला, "येतंय, बाई. वाटेत सगळ्यांना शिव्या घालून आलंय." आणि मग पोत्यांच्या मागून एक निळं डोकं दिसलं. आईचा तोच निळा रुमाल, जेथ्रो. तशीच गाठ, कपाळावर.

मला पुढचं काही आठवत नाही. बार्नबी सांगतो की मी पाण्यात पाऊल टाकणार होते, जहाजाची फळी कुठं आहे ते न बघता. आईनं मला धरलं, माझ्या दंडाला चिमटा काढला आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "किती वाळलीस. आणि हा कोण गाडीवाला?" मी म्हटलं, आई, हे बार्नबी मास्तर. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जशी गाय विकत घेताना बघतात, आणि म्हणाली, "पत्रं लिहिणारा. अक्षर चांगलं आहे म्हणे. गाडी ओढता येते का?"

त्यानं तिला गाडीत बसवलं, घोंगडी गुंडाळली आणि शेलबर्नहून इथपर्यंत ओढत आणलं. वाटेत एका शिपायानं अडवून विचारलं, काय नेताय? बार्नबी म्हणाला, "माझी सासू." मी अजून हो म्हटलेलं नव्हतं बरं का. पण तिथं रस्त्यात कसली चर्चा करणार? आई गाडीतून म्हणाली, "चल, पुढं चल, सासूला थंडी वाजतेय." झालं, लग्न ठरलं.

घरी आल्यावर सगळे शेजारी चीजसाठी जमले होते. त्यांना काय दाखवलं असेल ते समज. मासे होते, कोणी बटाटे आणले, एका म्हातारीनं जपून ठेवलेली काकवी आणली. खूप रात्र होईपर्यंत कुणी हललं नाही.

कशी आलीस विचारलं तर आई म्हणते, "चालत." मी म्हटलं, समुद्रावरून? म्हणते, "जेथ्रोला विचार. मला भूक लागलीय." तर तू सांग. आधी हे सांग की तुला काही झालं नाही ना.

तुझी ताई,
टॅमर

---

न्यूपोर्ट
२ डिसेंबर १७८५

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून कारखान्यातच नाचलो. लंगडा माणूस नाचला की पिंपं पडतात. मला काही झालेलं नाही. आता ऐक.

शरदात थर्लो आपलं चीज जहाजांना विकतात. गाड्या मोठ्या होड्यांतून खाडी ओलांडून इथल्या धक्क्यावर येतात आणि चीजची चाकं डोक्यावरून वर जातात, दरवर्षी आई आणि दोन गडी नेतात. गेल्या हिवाळ्यापासून आई मला म्हणत होती, "मला गळाला लावलं ना, मग गळ ओढून बघते." कॅप्टन लोरिंगशी मी बोललो. तो पिंपं माझ्याकडूनच घेतो. म्हणाला, "मी जहाजावर चढणारा माल मोजतो. उतरणारी माणसं मोजायचं काम मला कुणी दिलेलं नाही."

भर दुपार होती. धक्का माणसांनी फुललेला. मी दहा पावलांवर एका पिंपाचं कडं घट्ट करत बसलो होतो. घट्टच होतं ते. मालक आपल्या गाडीजवळ पाइप ओढत किराणावाल्याशी भावाची घासाघीस करत होते. आई डोक्यावर चाक घेऊन वर जाते, रिकामी खाली येते, पुन्हा जाते. पाऊल तेच, मान तीच. वर ती गड्यांना ओरडत होती, नीट धरा रे, तडा जाईल.

शेवटचं चाक तिनं उचललं तेव्हा मालक वळून म्हणाले, "फिबा, किती राहिलं?"

"एकच फेरी राहिली, मालक."

"लवकर आटप. ओहोटी लागेल."

"हो. त्याच्या आतच आटपते."

आणि ती गेली. फळीवर, मग बाजूच्या दारातून आत. मी तिच्याकडे बघत होतो, ती माझ्याकडे बघणार नाही हे ठरलेलं होतं. बघितलं नाही. फळी ओढली, दोर सुटले. शीड भरलं. मालक अजून किराणावाल्याशी भांडत होते. ताई, मला हात हलवता आला नाही. हातात हातोडी होती, ती मी पिंपावर ठोकत राहिलो, जहाज खाडीच्या टोकाला वळेपर्यंत. तिला ऐकू गेलं असेल का? विचार तिला.

मालकांना वाटलं ती बाजारात गप्पा मारत असेल. दिवस मावळेपर्यंत गाडी घेऊन थांबले. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर आले, चेहरा लालबुंद. "कुठाय ती?" मी म्हटलं, "मालक, ती तुमची होती म्हणता ना? मग माझ्याकडे कशी हरवेल?" काठी उगारली त्यांनी. तेवढ्यात आमचा कारखानदार आतून आला. तो गोरा, पण युद्धात आमच्याच तुकडीशेजारी उभा होता. म्हणाला, "थर्लो, हा मोकळा माणूस आहे आणि हा माझा कारखाना आहे. पिंप हवं असेल तर बोला." गेले.

मग त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. कात्रण पाठवतोय, आईला वाचून दाखव. "फिबा नावाची बाई, साठीच्या पुढची, निळा रुमाल, चालणं ताठ, बोलायला फटकळ, चीज करण्यात निष्णात." थर्लोंनी आईचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदा केलं, तेही छापून.

मी तिकडं का येत नाही विचारशील. इथं एक आहे, हेप्सी नाव. केक भाजते. बोटं नसलेल्या पायाला ती हसली नाही, म्हणून मला आवडली. पुढच्या उन्हाळ्यात दोघं जहाजानं येऊन जाऊ, आईच्या परीक्षेला.

तुझा
जेथ्रो

---

बर्चटाउन
२३ एप्रिल १७८६

प्रिय जेथ्रो,

लग्न झालं. बर्फ वितळायच्या आधीच उरकलं, कारण आई म्हणाली की हा माणूस रोज गाडी घेऊन दारात येतो, लोक काय म्हणतील. केक झाला नाही. मक्याचीच भाकरी गोड केली. बार्नबी आता पत्रावर ताजा कलम लिहीत नाही, तो माझ्या खांद्यावरून वाचतो आणि चुका काढतो.

जाहिरात आईला तीनदा वाचून दाखवली. "फटकळ" शब्दावर ती म्हणाली, "खोटं आहे." बाकी सगळं तिला मान्य आहे. हातोडीचं विचारलं. म्हणाली, "ऐकू आलं. टोकापर्यंत येत होतं. पोरगा कडं मोडणार असं वाटलं."

लग्नाच्या दिवशी मी आणि बार्नबी वाद घालत होतो. तो म्हणतो राजाची बाजू घेतली म्हणून आम्ही सुटलो. मी म्हटलं, जेथ्रो तर उलट बाजूनं सुटला. आई शेकोटीजवळ मासे साफ करत होती. म्हणाली, "बाजू तुम्ही घेतल्या होय रे?" मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "राजा जिंकेल की बंडवाले, मला काय ठाऊक. चीजघरात कोण येऊन सांगणार? म्हणून तुला त्या बाजूला ढकललं, आणि जेथ्रोला मालकांसमोर म्हटलं, जाऊ दे. एक जण तरी जिंकणाऱ्याच्या बाजूला असेलच, म्हटलं. दोघंही सुटाल असं काही वाटलं नव्हतं. तेवढं जास्तीचं मिळालं."

आपण दोघं इतकी वर्षं एकमेकांचे कान पिळत होतो, जेथ्रो, आणि दोन्ही फासे तिनंच टाकलेले!

जमिनीचं अजून बोलणंच चालू आहे. पण आम्ही घरामागं दगड वेचून थोडे बटाटे लावलेत, आणि शेजाऱ्यांनी मिळून दोन शेळ्या घेतल्या. शेळीच्या दुधाचं चीज आईनं करून बघितलं. म्हणाली, वास येतो. तरी पहिलं चाक बार्नबीच्या शाळेतल्या पोरांनी एका दुपारी संपवलं.

आता तुला ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. अख्खा हिवाळा आई पहाटे अंधारात उठायची. काहीच काम नसायचं. दूध काढायला गाय नाही, चीजघर नाही. तरी उठायची, रुमाल बांधायची, शेकोटीतली राख वरखाली करत बसायची. मी म्हणायचे, आई झोप. ती म्हणायची, अंग उठतं, मी काय करू.

आज ती उठली नाही. बाहेर उजेड झाला, पोरं शाळेत निघाली, तरी नाही. हातातलं काम टाकून मी आत गेले. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे उघडे. पांघरूण हनुवटीपर्यंत, छताकडे बघत पडलेली. मी म्हटलं, "आई, बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग?"

"बघतेय, कुणी उठवायला येतं का."

दुपार व्हायला आली, जेथ्रो. अजून पडून आहे. कुणी आलेलं नाही. मघाशी मी आत डोकावले, तर माझ्याकडे बघून तिनं कूस बदलली आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

तुझी ताई,
टॅमर